भाड्याचा रकाना

माझी आई शनिवारी जन्मली, म्हणून मिम्बा.
मी शुक्रवारची, म्हणून फिबा.
वारावरून नाव ठेवायची आमची रीत.
जहाजात चढवताना गोऱ्यांनी सगळं मोजून घेतलं,
एवढं मात्र नजरेतून सुटलं.

अठराशे अडतीस, ऑगस्टची पहिली रात्र.
चॅपलात माणसं खांद्याला खांदा लावून उभी.
बाराचे ठोके पडले तशी पुष्कळजण ओक्साबोक्शी रडली.
आई रडली नाही.
तिच्या टाचेत काटा रुतला होता
आणि काढायला कुणी दिवा देईना.
जमैका स्वतंत्र झाली त्या रात्रीचं
तिला एवढंच आठवायचं. सांगताना हसायची.

पुढच्या सोमवारी शंख वाजला.
शंख तोच, फुंकणारा क्वाकोही तोच.
आता फुंकायचे पैसे मिळणार होते
म्हणून जरा लांबवर फुंकला.
माणसं उसात शिरली, पात्यांनी दंड कापले,
रक्त काही वेगळ्या रंगाचं आलं नाही.
दुपारी कुणीतरी विचारलं,
"मोकळं झालं ते नक्की काय?"
"तुझी पाठ," कुणी म्हणालं.
म्हाताऱ्या जुबानं पाठीवरून उलटा हात फिरवला,
वळ होते तिथंच होते.

शनिवारी गिरणीच्या सावलीत टेबल मांडलं.
पाच दिवसांचे पाच शिलिंग.
खोपीचं भाडं दोन.
मागच्या तुकड्याचं, जिथं आमचे कंद होते, एक.
मी अकरा वर्षांची, त्याच खोपीत झोपणारी,
माझ्या डोईचं वेगळं एक.
उरलेला शिलिंग आईनं उलटासुलटा करून पाहिला.

"खोप कुणी बांधली?"
कारकून नवा, ब्रिस्टलहून आलेला,
नाकावर उन्हाची सालपटं.
"जमीन मालकाची," तो म्हणाला.
"कूड माझ्या बापानं लिंपला. छपराचं गवत मी कापलं."
"जमीन मालकाची."
माणूस वाईट नव्हता.
त्याच्या वहीला रकानेच तेवढे होते.

तेव्हा आई वाकली, टेबलावर दोन्ही हात टेकले,
आणि बाजारात भाव विचारावा तसं विचारलं,
"परसात माझी आई पुरलीय.
तिचं भाडं किती?
ती आत नाही झोपत, बाहेर झोपते.
आणि या पोरीची नाळ त्या नारळाखाली आहे.
जागा वीतभरच लागते तिला.
तेही लिहा की."

रांग गप्प.
कारकुनानं टाक दौतीत बुडवला,
वर धरला, धरूनच ठेवला,
शाईचा थेंब पानावर पडला.
लिहिलं त्यानं काहीच नाही.
थेंब तेवढा हिशेबात राहिला.

दोन वर्षांनी आम्ही डोंगरावर गेलो.
आईनं कंद विकून, पै पै गाठीला बांधून
दगडाळ अर्धा एकर घेतला.
आजी खालीच राहिली. नारळही.
त्या खोपीत आता दुसरं कुणी राहतं,
माझ्या नाळेचे नारळ खातं.
खाऊ दे.
सुगीत आई त्याच उसात जायचीच,
मीठ काही डोंगरावर पिकत नाही.
पण निघायच्या आधी मजुरी ठरवायची,
आणि नाही पटली तर
दोन कोस चढून परत यायची,
रिकाम्या हातानं, शीळ घालत.

वरची पहिली सकाळ मात्र मला विसरत नाही.
अंधारातच आई उठून बसली,
मांडीवर कुदळ, कान दरीकडे.
शंख वाजला नाही.
बराच वेळ ती तशीच बसून होती,
कुणीतरी ऊठ म्हणावं म्हणून.
मग कुदळ भिंतीला लावली
आणि पुन्हा आडवी झाली.

ऊन उंबऱ्यातून आत आलं,
तिच्या पायांवर चढलं,
टाचेतल्या जुन्या काट्याच्या खुणेपाशी थांबलं.
मी बाहेर अंगणात
हातात काठी घेऊन उभी,
कोंबड्यांना गप्प करत.